जखम कितव्या दिवशी बिघडली?

तीळ काढला, चरबीची गाठ काढली, पाठीवरची जुनी सिस्ट काढली. अर्ध्या तासाचं काम, चार टाके, वर पांढरी पट्टी आणि पेशंट आपल्या पायांनी घरी. काही दिवस सगळं ठीक असतं. मग एका सकाळी टाक्यांभोवती लाली दिसते, पट्टी ओलसर लागते आणि घरात निदान होऊनही जातं : पू झालाय. शेजारच्या काकू तेच म्हणतात, औषधाच्या दुकानातला माणूसही तेच म्हणतो, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही पुष्कळदा तेवढ्यावरच अँटिबायोटिक लिहून देतात.

बहुतेक वेळा हे निदान बरोबर असतं. आपल्याच नाकात आणि त्वचेवर मुक्कामाला असलेला स्टॅफिलोकॉकस जखमेत शिरतो आणि साधारण चौथ्या ते सातव्या दिवशी आपलं अस्तित्व दाखवतो. जखम गरम लागते, ठणकते, दाबली की दाट पिवळा पू येतो. एखादा टाका सोडून पू बाहेर काढला, योग्य गोळ्या दिल्या, की आठवड्याभरात सगळं निवळतं. यात नवल काही नाही.

पण काही जखमा या वाटेने जात नाहीत. त्या लाल होतात, वाहतात, उघडतात. तपासणीत मात्र जंतू सापडत नाही. कधी जंतू असतो, पण नेहमीच्या तपासणीला दाद देत नाही. अशा जखमांवर एकामागून एक अँटिबायोटिक बदलण्यात महिने जातात. काहींच्या बाबतीत तर उपचार म्हणून केलेली कापाकापीच जखम वाढवते. त्या ओळखायच्या तर प्रयोगशाळेच्या आधी एक साधा प्रश्न कामाला येतो : शस्त्रक्रियेनंतर कितव्या दिवशी हे सुरू झालं? काही तासांतच जागा टम्म फुगली, तर आत रक्त साचलेलं असतं. पहिल्या एक-दोन दिवसांतच खूप ताप, भोवळ आणि जखमेच्या मानाने कितीतरी जास्त वेदना असतील, तर झपाट्याने पसरणाऱ्या जंतूची शंका घेऊन रात्रीच हॉस्पिटल गाठायचं असतं, सकाळची वाट पाहायची नसते. त्यानंतरच्या तारखांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि ती आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

सगळ्यात जास्त चकवा देणारी गोष्ट घराघरांतल्या औषधाच्या डब्यात असते. जखम म्हटली की अँटिबायोटिकचं मलम, हे आपल्या अंगवळणी पडलंय. निओमायसिन, फ्रामायसेटिन, नायट्रोफ्युराझोन ही त्या ट्यूबांमधली नावं. सोफ्रामायसिन म्हणून जी ट्यूब आपण पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, त्यात फ्रामायसेटिन असतं आणि ते निओमायसिनचंच सख्खं भावंड आहे. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याचीही असते. ही ॲलर्जी पहिल्या मिनिटाला उठत नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशींना त्या द्रव्याची ओळख पटून त्या चालून यायला दोन-चार दिवस लागतात, आणि द्रव्याशी पहिलीच गाठ असेल तर आठवडा-दोन आठवडेही. म्हणजे नेमकी पू होण्याचीच वेळ. पेशंट घाबरून आणखी जाड थर लावतो आणि लाली आणखी पसरते.

इथे फरक करायला दोन खुणा आहेत. पू झालेली जखम दुखते, ॲलर्जी आलेली जखम खाजते. दुसरी खूण आकाराची. जंतूंना चौकोन काढता येत नाही. लालीची कड चिकटपट्टीसारखी सरळ असेल, किंवा मलम जिथपर्यंत पसरलं तिथेच संपत असेल, बारीक पाणीदार पुटकुळ्या असतील, तर औषध बदलण्याऐवजी औषध थांबवायचं असतं. खात्री करायची तर पॅच टेस्ट आहे. योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञांनी १८९५ साली ती मांडली आणि तिचं तत्त्व आजही तेच आहे : संशयित द्रव्यं पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवायची, मग कुठे लाली उठते ते पाहायचं.

मग हे मलम लावावं तरी का? अमेरिकेत ९२२ रुग्णांच्या १,२४९ जखमांवर हीच गोष्ट तपासली गेली आणि १९९६ साली तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या जर्नलमध्ये निष्कर्ष आले. त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर अर्ध्या रुग्णांना बॅसिट्रासिन हे अँटिबायोटिक मलम दिलं, अर्ध्यांना नुसती पांढरी पेट्रोलियम जेली. जेलीच्या गटात संसर्ग २ टक्के, मलमाच्या गटात ०.९ टक्का, संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक टिकला नाही. ॲलर्जी मात्र झाली ती फक्त मलमाच्या गटात. जखमेला हवा असतो तो ओलावा. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर दाखवलं होतं की उघडी ठेवून खपली धरू दिलेल्या जखमेपेक्षा पातळ पॉलिथिनखाली झाकलेली जखम जवळपास दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. ‘जखमेला हवा लागू दे’ हा आपला सल्ला प्रेमाचा आहे, पण चुकीचा आहे.

या संदर्भात पुण्याची आठवण काढायलाच हवी. १७९२ च्या सुमारास टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी माणूस कैद झाला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये या शस्त्रक्रियेचं सविस्तर वर्णन छापून आलं आणि ते वाचून युरोपातल्या शल्यविशारदांनी हे तंत्र उचललं. नाकाची कथा पुष्कळांना ठाऊक असते. मला त्यातला ड्रेसिंगचा तपशील फार मोलाचा वाटतो. सांध्यावर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या पाच-सहा कापडी पट्ट्या ठेवल्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही. त्यानंतर तुपात भिजवलेलं कापड. कपाळापासूनचा सांधा सोडवला तो साधारण २५ व्या दिवशी, म्हणजे नव्या जागेवरून रक्तपुरवठा पक्का झाल्यावर. जखम झाकलेली ठेवायची, स्निग्ध ठेवायची आणि तिला दिवस द्यायचे, ही समज त्या कारागिराच्या हातात होती. आज कुणी घरचं तूप जखमेला लावू नये, ते निर्जंतुक नसतं. हळदही लावू नये. हळदीची ॲलर्जी असणारी माणसंही आपल्यात आहेत.

टाके निघून जातात, जखम मिटते, मंडळी निर्धास्त होतात. मग तिसऱ्या आठवड्यापासून पुढे कधीतरी त्या रेषेवर एक लहान लाल पुटकुळी येते, फुटते, तिच्यातून एखादा पांढरा धागा डोकावतो. हा आतल्या थरात घातलेला, विरघळणारा टाका असतो. पॉलिग्लॅक्टिनचा धागा पूर्ण विरघळायला ५६ ते ७० दिवस लागतात, आणि तेवढ्यात शरीराला एखाद्या गाठीचा कंटाळा आला तर ते ती बाहेर ढकलतं. चिमट्याने धागा काढला की संपलं. एवढ्यासाठी अँटिबायोटिकचा कोर्स घेणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

पण त्याच मुदतीत दुसरी एक गोष्ट होते, आणि ती इतकी सोपी नाही. जखम छान भरलेली असते. तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, व्रणाखाली वाटाण्याएवढी कडक गाठ लागते. वरची त्वचा जांभळट होते. मग छिद्र पडून पातळ, पाणचट स्राव येऊ लागतो. ताप नसतो, फारसं दुखत नाही. अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटतं, पुन्हा सुरू. स्राव तपासायला पाठवला की अहवाल येतो : जंतूंची वाढ नाही. बाजूला दुसरी गाठ येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटाला जी छोटी छिद्रं पाडतात, तिथे हा प्रकार भारतात इतक्या वेळा झालाय की आपल्या सर्जन मंडळींना तो चांगला परिचयाचा आहे. पण तो तेवढ्यापुरता नाही. चरबी काढण्याची शस्त्रक्रिया, सौंदर्यासाठी त्वचेत दिलेली इंजेक्शनं, गोंदण, जिथे जिथे त्वचेला सुई किंवा पातं लागतं तिथे हे होऊ शकतं.

यामागे आहेत क्षयाच्या जंतूचे भाऊबंद : मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, केलोनी, ॲबसेसस. हे माणसाकडून माणसाकडे सहसा येत नाहीत, ते पाण्यात आणि मातीत राहतात. नळाच्या पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात त्यांची वस्ती असते. त्यांच्या भिंतीत मेणासारखी जाड चरबी असल्यामुळे पाण्यातल्या क्लोरीनला आणि साध्या जंतुनाशकांना ते सहज दाद देत नाहीत. शस्त्रक्रियेत ते कसे शिरतात? नाजूक उपकरणं वाफेच्या दाबाखाली तापवता येत नाहीत म्हणून ती ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. वीस मिनिटं बुडवलं की बहुतेक जंतू मरतात. पण उपकरण पूर्ण निर्जंतुक व्हायचं तर आठ-दहा तास लागतात, आणि एका दिवसात दहा शस्त्रक्रिया असल्या की तेवढा वेळ कुणाकडे नसतो. शिवाय द्रावणातून काढलेलं उपकरण धुवायचं असतं. ते नळाच्या पाण्यात किंवा नुसत्या उकळलेल्या पाण्यात विसळलं, की घालवलेला जंतू परत आला.

ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो राज्यात २००६-०७ या एका वर्षात अशा संसर्गाचे हजाराहून जास्त संशयित रुग्ण सापडले. साठाहून जास्त रुग्णालयांत ते पसरलेले होते आणि तिथला जंतू २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्येही तग धरणारा निघाला. कॅलिफोर्नियात २००० साली एका नखं-पायांच्या सलूनमधल्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर बऱ्या न होणाऱ्या गळवांची साथ आली. पाय भिजवायच्या टबात जिथून पाणी आत ओढलं जातं, त्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता. फॉर्च्युइटम तिथे सुखाने वाढत होता. पायावरचे केस आधी वस्तऱ्याने काढून आलेल्या बायकांना धोका जास्त होता. त्यांच्या बारीक ओरखड्यांनी जंतूला दार उघडून दिलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागात २०११-१२ मध्ये गोंदवून घेतलेल्या १९ जणांना केलोनीचा संसर्ग झाला. तिथे दोष शाईत निघाला.

हे निदान हुकण्याचं मुख्य कारण असं की कुणी ते शोधायला सांगत नाही. नेहमीच्या कल्चरमध्ये दोन दिवस वाट पाहून बशी टाकून देतात, आणि या जंतूंना वाढायला साधारण आठवडा लागतो. म्हणून प्रयोगशाळेला मायकोबॅक्टेरियासाठी वेगळं कल्चर मागावं लागतं, आणि नमुना म्हणून कापसाच्या बोळ्यावरचा स्राव न देता जखमेतला छोटा तुकडा द्यावा लागतो. आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू टीबीसारखेच दिसतात, बायोप्सीतही गाठी सारख्याच दिसतात, आणि पेशंटला टीबीच्या गोळ्या सुरू होतात. झपाट्याने वाढणाऱ्या या जाती त्या नेहमीच्या गोळ्यांना बहुतांशी दाद देत नाहीत. त्यांना क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन अशी औषधं, कोणतं लागू पडतं ते तपासून, एकत्र आणि काही महिने द्यावी लागतात. पुष्कळदा पोखरलेला भाग कापूनही काढावा लागतो. खरा टीबीही जुन्या जखमेत होऊ शकतो, म्हणून अंदाजाने कुठलाच कोर्स सुरू करू नये, आधी जंतूचं नाव हवं. जे सर्जन जास्त वेळ लागला तरी चालेल म्हणून शक्य ती उपकरणं ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेच्या दाबाखाली, १२१ अंशांना नीट तापवतात, त्यांचं हे काम पेशंटला कधी दिसत नाही. ते विचारायला मात्र हवं. ‘उपकरणं कशी निर्जंतुक करता?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

आता सगळ्यात विचित्र जखमेकडे येऊ. १९२४ साली बाल्टिमोरच्या थॉमस कलन यांनी एक केस प्रसिद्ध केली. अपेंडिक्सच्या जागचा पू काढण्यासाठी पोटावर छेद घेतला होता, आणि त्या छेदाभोवती एक व्रण सुरू होऊन त्वचा आणि चरबी खात पसरतच गेला. सहा वर्षांनी, १९३० मध्ये, मेयो क्लिनिकमधल्या ब्रुन्स्टिंग, गोकरमन आणि ओ’लिअरी या तिघांनी अशाच पाच रुग्णांचं वर्णन केलं आणि रोगाला पायोडर्मा गँग्रिनोसम असं नाव दिलं. त्यांना वाटलं होतं की हा पू करणाऱ्या जंतूंचा प्रताप आहे. तो तसा नाही. हा संसर्गही नाही आणि गँगरीनही नाही. नाव मात्र चिकटलं आणि आजही पहिल्याच भेटीत डॉक्टरांना चुकीच्या दिशेला नेतं.

यात जखमेवर हल्ला करतात त्या आपल्याच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. जंतू नसतानाही त्या हजारोंनी धावून येतात आणि ऊती विरघळवू लागतात. काही लोकांत त्वचेला झालेली छोटीशी इजाही या पेशींना उठवते. याला पॅथर्जी म्हणतात. हुलुसी बेहचेत या तुर्की त्वचारोगतज्ज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारातही ती दिसते : निर्जंतुक सुई नुसती टोचली, की दोन दिवसांत तिथे पुळी उठते. पायोडर्माच्या पुष्कळ रुग्णांना आतड्याची दाहक व्याधी, आमवात किंवा रक्ताचा एखादा विकार असतो. मेयोच्या त्या पाचांपैकी चौघांना मोठ्या आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. पण काहींना यातलं काहीच नसतं, आणि शस्त्रक्रिया हीच त्या सुप्त प्रवृत्तीची पहिली परीक्षा ठरते.

चित्र असं असतं. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, टाक्यांच्या रेषेवर पुळ्या येतात किंवा लाल भाग दिसतो. तो दुखतो, नुसता स्पर्श झाला तरी माणूस ओरडतो. पुळ्या फुटतात, एकमेकींत मिसळतात, टाके उसवतात आणि खोल व्रण उघडा पडतो. त्याची कड जांभळट असते, आतून पोखरलेली, आणि ती दिवसागणिक पुढे सरकते. ताप असतो, पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. म्हणजे रक्ताचा अहवालही ‘संसर्ग’ असंच सांगतो. कल्चर कोरं येतं. अँटिबायोटिक आणखी वरचं दिलं जातं. मग सर्जन त्याला शिकवलेली, एरवी हजारो जीव वाचवणारी गोष्ट करतो : मेलेला भाग निरोगी कडेपर्यंत कापून साफ करतो. चोवीस तासांत नवी कड जांभळी होते. तो पुन्हा कापतो. इथे प्रत्येक काप ही शरीराच्या दृष्टीने नवी इजा असते आणि प्रत्येक इजेला नवा हल्ला ठरलेला. मांडीवरून त्वचा काढून जखमेवर लावली, तर जिथून ती काढली तिथेही नवा व्रण सुरू होऊ शकतो. असे रुग्ण अवयव गमावेपर्यंत कापले गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हा कुणाच्या निष्काळजीपणाचा भाग नसतो. मांस खाणारा खरा संसर्ग, नेक्रोटायझिंग फॅशायटिस, दिसायला पुष्कळसा असाच असतो आणि त्यात काही तासांत कापलं नाही तर माणूस जातो. एकात कापणं हाच प्राण वाचवण्याचा मार्ग, दुसऱ्यात कापणं हाच घात. औषधांचंही तसंच : पायोडर्माला स्टिरॉइड लागतं आणि खऱ्या संसर्गात तेच स्टिरॉइड भारी पडू शकतं.

मग ओळखायचं कसं? एकच अशी निर्णायक तपासणी नाही. पण काही गोष्टी एकत्र पाहिल्या की वाट दिसते. खऱ्या फॅशायटिसमध्ये रक्तदाब कोसळतो, माणूस तासातासाला खचत जातो, आतलं आवरण बोटाने सहज सुटतं आणि नमुन्यात जंतू मिळतात. पायोडर्मात जखम भयंकर दिसते, पण माणूस त्या मानाने तग धरून असतो, आणि अनेक नमुने पाठवूनही जंतू मिळत नाहीत. स्तनांच्या शस्त्रक्रियेनंतर हा प्रकार बराच दिसतो, आणि तिथे एक चमत्कारिक खूण आहे : दोन्ही बाजूंच्या छेदांवर व्रण असतात, स्तनाग्र मात्र बहुधा वाचलेलं असतं. जंतूला अशी निवड करण्याचं कारण नाही. एकाच वेळी दोन वेगवेगळ्या जागी केलेल्या छेदांवर सारखाच व्रण उठणं, हीसुद्धा महत्त्वाची शंका. व्रणाच्या कडेची बायोप्सी घ्यायची ती मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे पाहण्यासाठी. आणि प्रत्येक ‘साफसफाई’नंतर जखम मोठीच होत असेल, तर पुढच्या वेळी पातं उचलण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना बोलावणं हे सर्जनचं कर्तव्य आहे, असं मला ठामपणे वाटतं. अशा वेळी घरच्यांनी मोबाइलवर रोज काढलेले, तारीख असलेले फोटो किती उपयोगी पडतात ते सांगून खरं वाटणार नाही. कड कोणत्या दिवशी किती सरकली आणि कापल्यानंतर काय झालं, हे कुठल्याही अहवालात नसतं, ते त्या फोटोंत असतं.

निदान झालं की उपचाराची दिशा पूर्ण उलटी होते. कापणं बंद, ड्रेसिंग हळुवार, आणि प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं. ब्रिटनमध्ये प्रेडनिसोलोन आणि सायक्लोस्पोरिन यांची थेट तुलना झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत दोन्ही गटांत सारख्याच, सुमारे ४७ टक्के रुग्णांचे व्रण भरले. म्हणजे औषध बरोबर मिळूनही निम्म्याहून अधिक लोकांना अर्ध्या वर्षात पूर्ण आराम पडत नाही. इन्फ्लिक्सिमॅबसारखी नवी इंजेक्शनंही आता वापरतात. ज्याला हा आजार एकदा होऊन गेला, त्याने पुढच्या कुठल्याही शस्त्रक्रियेआधी, दात काढण्याआधीसुद्धा, डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे.

इजा झाली तिथेच जुना आजार उगवणं, याचं सौम्य रूप आपल्याकडे जास्त आढळतं. ब्रेस्लाऊच्या हाइनरिश कोब्नर यांनी १८७० च्या दशकात सांगितलं की सोरायसिसच्या रुग्णाला ओरखडा, गोंदण, अगदी घोड्याचा चावा जिथे झाला, तिथेच सोरायसिसचे चट्टे उठले. हे साधारण दहा ते वीस दिवसांनी होतं. कोडाचंही तसंच. पांढऱ्या डागांवर त्वचारोपण करण्याआधी किमान वर्षभर एकही नवा डाग आलेला नसावा, असं तज्ज्ञ सांगतात ते यामुळेच. घाई केली तर रोपण फुकट जातं आणि जिथून त्वचा घेतली तिथे नवा डाग पडतो.

किलॉइडबद्दल लोकांना थोडंफार ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या अलिबेर यांनी १८०६ साली त्याचं वर्णन केलं. व्रण जखमेच्या सीमेतच उंचावला तर तो वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआप बसतो. किलॉइड सीमा ओलांडून निरोगी त्वचेवर पसरतो, महिनोन्‌महिने वाढतो आणि आपणहून जात नाही. छातीचा मधला भाग, खांदे, जबड्याची कड आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. सावळ्या त्वचेत तो जास्त. नुसता कापून काढला तर बहुधा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं, सिलिकॉनची पट्टी, पाळीला दाब देणारी कुडी, काहींना कापल्यानंतर लगेच किरणोपचार, असं एकत्र करावं लागतं. घरात आई-मावशीला किलॉइड असेल तर मुलीचा कान दुसऱ्यांदा टोचण्याआधी, किंवा छातीवरचा निरुपद्रवी तीळ केवळ दिसण्यासाठी काढण्याआधी, चार वेळा विचार करावा.

जखम भरली म्हणजे ती कायमची भरली, असं आपण धरून चालतो. त्याचं उत्तर एका जहाजावर आहे. १७४० ते १७४४ या काळात जॉर्ज ॲन्सन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश ताफा जगप्रदक्षिणेला निघाला, आणि त्यातली कितीतरी माणसं क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने मेली. त्या सफरीच्या १७४८ साली छापलेल्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे. १६९० साली आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. त्या जखमा लगेच भरल्या होत्या. पन्नास वर्षांनी, समुद्रावर, त्या पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. व्रण ज्या कोलॅजेनच्या धाग्यांनी बनतो ते धागे शरीर सतत मोडतं आणि नवे विणतं. कौलारू घर दर पावसाळ्याआधी शाकारावं लागतं, तसंच हे आहे. त्या विणीला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं, की मोडणं चालू राहतं आणि विणणं थांबतं. मुळात नवा व्रणही मूळ त्वचेइतका बळकट कधीच होत नाही : तीन आठवड्यांत त्याची ताकद मूळच्या वीस-तीस टक्के असते, तीनेक महिन्यांत ऐंशीच्या घरात पोचते आणि तिथेच थांबते. म्हणून टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याची घागर उचलायची नसते.

आणि आपण ऑपरेशन झालेल्या माणसाला काय सांगतो? आंबट खाऊ नकोस, जखम चिघळेल. भात नको, पू होईल. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं, ताक, दही सगळं बंद. कुठे कुठे डाळ आणि अंडीही बंद. नेमकी जी सामग्री जखमेला हवी तीच पानातून काढून घेतली जाते, आणि हे मायेपोटी होतं म्हणून जास्त खुपतं. साध्या खात्यापित्या माणसाला चार दिवसांच्या पथ्याने स्कर्व्ही होत नाही हे खरं. पण आधीच अशक्त असलेली म्हातारी, मधुमेही, दारूने पोखरलेला माणूस यांना महिनाभर पेज आणि बिस्किटांवर ठेवलं, तर टाके उसवण्याचं कारण जंतूंत शोधत बसू नये. त्यांना वरण-भातावर लिंबू पिळून द्यावं.

सगळ्यात उशिराची तारीख अनेक वर्षांनंतरची असते. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलाँ यांनी १८२८ साली जुन्या व्रणांवर वाढणाऱ्या चामखिळीसारख्या जखमांचं वर्णन केलं. तो कर्करोग आहे हे त्यांना उमगलं नव्हतं, ते पुढच्यांनी ओळखलं आणि रोगाला त्यांचं नाव दिलं. भाजल्याचा व्रण, वर्षानुवर्षं न भरलेली जखम, हाडातून वाहणारं जुनं छिद्र, अशा जागी साधारण तीसेक वर्षांनी तो उद्भवतो. स्टोव्हच्या भडक्याने किंवा चुलीवर भाजलेल्या, कातडी आखडून गेलेल्या कितीतरी बायका आपल्या अवतीभवती आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती नुसती पुस्तकी नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये काम करणाऱ्या डॉ. वसंत खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली भारतीय सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर जो निबंध लिहिला, त्यात धोतराच्या घट्ट गाठीने कमरेवर होणारा कर्करोग होता. शस्त्रक्रियेचा इथे संबंध नाही, पण यंत्रणा तीच : एकाच जागी वर्षानुवर्षं घासणं, त्वचा पातळ होणं, फुटणं, भरणं, पुन्हा फुटणं. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशाच दोन वयस्क स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ जिथे आवळली जात होती तिथे न भरणारा व्रण, आणि बायोप्सीत मार्जोलाँचा कर्करोग. दोघींपैकी एकीला तो व्रण दीड वर्ष होता.

जुन्या व्रणावर तीन महिन्यांत न भरणारी जखम, उलटलेली जाडसर कड, सहज येणारं रक्त, वास, यांपैकी काहीही दिसलं तर मलम बदलू नये, तुकडा तपासायला द्यावा. आणि तो एकाच ठिकाणचा पुरत नाही. कर्करोग कडेच्या एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो, म्हणून चार-पाच जागचे तुकडे घ्यायला सांगावं, आणि पहिला अहवाल निर्दोष आला तरी जखम भरत नसेल तर पुन्हा घ्यायला सांगावं.